खाडीचा एक पातळ काप

शनिवारी रात्री तुम्ही काय करता? मल्टिप्लेक्स, कुणाच्या तरी गच्चीवरची पार्टी, नाहीतर सोफ्यावर आडवं होऊन आठवडाभराच्या झोपेची वसुली. मी गाजर कापते.

थांबा, लगेच पान उलटू नका! कोशिंबिरीसाठी नाही कापत. गाजराचा बोटभर तुकडा घ्यायचा, त्याला उभी चीर पाडायची, चिरेत झाडाचं पान खोचायचं आणि ब्लेडनं दोन्हींचे मिळून काप काढायचे. इतके पातळ, की पाण्यात पडल्यावर ते दिसूच नयेत. ज्याला शोधावं लागतं तो सगळ्यात झकास. तो काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. बस्स, एवढाच खेळ. पण या खेळापायी मी दोन रविवार खाडीकाठी घालवले आणि लहानपणापासून माहीत असलेलं ठाणं पुन्हा एकदा पाहिलं. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात अर्थातच डेडलाइननं झाली. 'वीकेंडला काहीतरी हटके करणारी माणसं शोध,' असं एका संपादकबाईंनी फर्मान सोडलं. पॉटरी झाली होती, साल्सा झाला होता, ट्रेकिंगवर तर आता सह्याद्रीच लेख लिहील अशी परिस्थिती. मी म्हटलं, "माझे बाबा पानांचे काप काढतात."

"अळूवडी?"

"नाही हो, मायक्रोस्कोपसाठी."

पलीकडे थोडी शांतता. मग, "फोटो चांगले येतील का?"

फोटो फारच चांगले येतात. पण मुद्दा तो नाही.

माझे बाबा एका कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. एकतीस वर्षं. प्राध्यापक नव्हेत, असिस्टंट. म्हणजे सकाळी सूर्यफुलाची खोडं आणायची, सॅफ्रॅनिनच्या बाटल्या भरायच्या, वीस मायक्रोस्कोप पुसायचे आणि पोरांचे सेक्शन जाड आले की कुणी बघत नाही असं पाहून एक पातळ काप हळूच त्यांच्या वॉच ग्लासमध्ये सोडायचा. २०१९ साली ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी तो विभागही बंद झाला. विद्यार्थीच मिळत नव्हते. कपाटं रिकामी झाली, जुन्या स्लाइड्स भंगारात निघाल्या. बाबांनी त्या ढिगातून रीतसर पैसे भरून एक पितळी मायक्रोस्कोप आणि स्लाइड्सचा एक लाकडी डबा घरी आणला. आई म्हणाली, "सत्काराची शाल कमी होती का, म्हणून हे ओझं?"

आता माझ्याबद्दल. मीही अकरावीला सायन्सला होते. प्रॅक्टिकलला मक्याच्या खोडाचा टी. एस. काढायचा होता. माझा काप हातात धरून परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय, बटाट्याचे काप तळायचेत का?" वर्ग हसला. मीही हसले. बारावीनंतर मास कॉमला गेले. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून आमच्या बोलण्यात 'जेवलीस का' आणि 'किती वाजता येशील' याच्या पलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. त्यामुळे लेखासाठी म्हणून मी गॅलरीत जाऊन "बाबा, मला शिकवाल का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "हात स्वच्छ धुऊन ये."

आमची गॅलरी म्हणजे ठाणे पूर्वेतली टिपिकल बंद गॅलरी. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बाबांची प्रयोगशाळा. सामान इतकं साधं, की हसू यावं. दाढीचं दुधारी ब्लेड, मधोमध मोडून अर्धं केलेलं. पूर्वी लॅबमध्ये वस्तरा असायचा, न्हाव्याकडचा असतो तसाच. गाजर, नाहीतर बटाटा. एक बारीक ब्रश, दोन वाट्या पाणी, सॅफ्रॅनिनची लाल बाटली, ग्लिसरीन.

पहिला धडा, अंगठा खाली आणि बोटं वर. म्हणजे ब्लेड सटकलं तर मांसात जात नाही. दुसरा, ब्लेड आणि गाजर दोन्ही ओलं हवं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही. ब्लेड तिरकं धरून एका दमात स्वतःकडे ओढायचं. "पाव कापत नाहीयेस तू," बाबा म्हणाले. पहिल्या दिवशी मी साधारण दोन गाजरं संपवली. एकही काप बघण्यालायक नव्हता. आईनं उरलेल्याचा हलवा केला.

पातळ म्हणजे किती पातळ? माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. हातानं काढलेला चांगला काप केसापेक्षाही पातळ हवा. मेणात बसवलेला नमुना कापणारं मायक्रोटोम नावाचं यंत्र दहा मायक्रॉनच्या आसपास जातं, पण घरी त्याची गरज नाही. आणि पूर्ण काप यायला हवा असंही नाही. कडेला निसटलेला अर्धा तुकडाच बऱ्याचदा सगळ्यात पातळ असतो. मला हे कुणी अकरावीत सांगितलं असतं तर!

या छंदाचा इतिहासही मस्त आहे. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकनं धारदार चाकूनं बुचाचा पातळ काप काढला, भिंगाखाली ठेवला आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोल्या दिसल्या. त्यांना त्यानं नाव दिलं 'सेल', आपल्या मराठीत पेशी. अख्खं पेशीशास्त्र सुरू झालं ते एका चाकूवर आणि एका बुचावर. म्हणजे गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी बसून आपण फार काही वेगळं करत नाही.

तिसऱ्या शनिवारी मला पहिला काप जमला. अळूचा देठ. बाबांनी मुद्दाम तोच दिला होता. सॅफ्रॅनिन न लावता, नुसत्या पाण्यात. आधी मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या दिसल्या. मग मोठी लेन्स फिरवली आणि पेशींमध्ये सुयांच्या जुड्याच्या जुड्या! कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. अळू नीट शिजलं नाही की घसा का खवखवतो, हे आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आजी अळूच्या भाजीत चिंचेचा कोळ घालायची, तो या सुयांशी टक्कर म्हणून. मी ओरडलेच. स्वयंपाकघरातून आई, "कापलं का बोट?"

त्यानंतर मात्र मी सुटलेच. मंडळी, एकदा हा चष्मा लागला की शहर वेगळंच दिसायला लागतं. दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या कमळाच्या देठात आरपार नळ्या दिसतात, पाण्याखालच्या भागाला हवा पोचवणाऱ्या. रस्त्याच्या डिव्हायडरवर धूर खात उभी असलेली कण्हेर तर कमाल आहे. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला खड्डे असतात, खड्ड्यांत केस असतात आणि त्या केसांआड तिची श्वासाची छिद्रं दडलेली असतात, पाणी उडून जाऊ नये म्हणून. (कण्हेर विषारी आहे, कापल्यावर हात साबणानं धुवा.) आणि तुमच्या ऑफिसच्या रिसेप्शनपाशी तो जाड पानांचा रबर प्लांट आहे ना, ज्याच्या कुंडीत लोक चहाचे कप टाकतात? त्याच्या पानाच्या वरच्या थरात काही पेशी फुगलेल्या असतात आणि प्रत्येकीत द्राक्षाच्या घोसासारखा एक खडा लटकत असतो. कॅल्शियम कार्बोनेटचा. मीटिंग लांबली की आता मी त्या कुंडीकडे बघत बसते.

मग एके दिवशी बाबांनी तो लाकडी डबा उघडला. खाचांमध्ये उभ्या ओळीनं स्लाइड्स. प्रत्येकीवर कागदी लेबल, बारीक अक्षर. ते अक्षर मी लगेच ओळखलं. माझ्या शाळेच्या वह्यांवर तेच असायचं. त्यातली एक त्यांनी बाहेर काढली.

'तिवर. पान, आडवा छेद. ठाणे खाडी. १९९४.'

लाल आणि हिरवा, दोन्ही रंग अजून जागच्या जागी होते. वरचा कॅनडा बाल्सम थोडा पिवळटलेला. हा बाल्सम म्हणजे बाल्सम फर या झाडाची राळ. सुकली की काचेसारखी पारदर्शक होते आणि काप आत कायमचा बंदिस्त. मी विचारलं, "खाडी म्हणजे नेमकी कुठे?"

बाबांनी गॅलरीच्या खिडकीतून हात केला. "तिथे बांध होता. बांधापलीकडे तिवरं. लॅबसाठी पानं आणायला सायकलवरून जायचो." मी बघितलं. तिथे आता भराव आहे, त्यावर भिंत आणि भिंतीमागे पार्किंग. मी त्या भिंतीसमोरून रोज रिक्षानं जाते. तिथे कधी झाडं होती, हे मला माहीतही नव्हतं.

"बाकीची तिवरं कुठे बघायला मिळतील?" मी विचारलं.

"ऐरोली," बाबा म्हणाले. "येणार असलीस तर जाऊ."

रविवारी सकाळी आम्ही ट्रान्स हार्बर लोकल पकडली. तुमच्यापैकी अनेक जण याच गाडीनं ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या आयटी पार्कांत जातात. मीही दीड वर्षं जात होते, कानात हेडफोन, डोळे मोबाइलवर. रविवारी गाडी रिकामी. ठाणं सोडलं, २०२४ साली सुरू झालेलं दिघा गाव स्टेशन गेलं, मग ऐरोली. तिथून रिक्षानं खाडीकडे, वन विभागाच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात.

लोक इथे येतात ते फ्लेमिंगोंसाठी. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळालं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत भरतीची वेळ बघून बोटीनं गेलं, तर गुलाबी थवे दिसतात. आजूबाजूला सगळ्यांच्या दुर्बिणी वर. आणि बाबा? ते तिवराच्या पानापाशी नाक नेऊन उभे.

"पाठीमागून बघ," ते म्हणाले. वरून हिरवंगार तुकतुकीत पान. खालून चंदेरी. वरच्या बाजूला पांढरे बारीक कण. "मीठ आहे ते. पान खारं पाणी पितं आणि मीठ बाहेर टाकतं." चिखलातून शेकडो पेन्सिली उगवाव्यात तशी मुळं वर आली होती. श्वास घेणारी मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाडानं हवेसाठी नाक वर काढलेलं.

मी सवयीनं पानाला हात लावायला गेले. बाबांनी मनगट धरलं. "तोडायचं नाही." तिवरांच्या कत्तलीवर मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये अंतरिम आदेशानं बंदी आणली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. अभयारण्यात तर पडलेलं पानही उचलू नये. "मग आपण आलो कशाला?"

"झाड बघायला," बाबा म्हणाले. "आधी झाड बघायचं असतं. पोरांना आम्ही नुसतं पान द्यायचो, ट्रेमध्ये. झाड कुणी बघितलंच नाही. मग त्यांनी तरी बॉटनीला का राहावं?"

एकतीस वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली तक्रार असावी. निदान माझ्यासमोर तरी. मला एकदम सुचेना काय बोलावं. मी म्हटलं, "मी सोडलं ते त्या परीक्षकांमुळे. तुमच्यामुळे नाही." बाबा बराच वेळ मुळांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझा काप जाडच होता पण." आणि आम्ही दोघं हसत सुटलो. शेजारच्या फ्लेमिंगोवाल्यांनी वळून बघितलं.

पान मिळालं ते पुढच्या रविवारी, चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला. काठाला एक तिवराचं झाड, त्याखाली बांधलेली होडी आणि होडीत वाऱ्यानं पडलेली चार-पाच हिरवी पानं. होडीवाल्या मावशी जाळं आवरत होत्या. मी पानं मागितली.

"पानं कशाला गो? बकरी पाललीस काय?"

तिवराचा पाला बकऱ्यांना घालतात, हे मला तेव्हा कळलं. मायक्रोस्कोपचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग ने. माझ्या होरीतला कचरा तेवराच कमी." ओल्या फडक्यात गुंडाळून पानं घरी आणली.

त्या रात्री सहा काप जमले. तिवराचं पान कापायला तसं सोपं, जाड आणि भरीव. सॅफ्रॅनिन लावलं, पाण्यात धुतलं, ग्लिसरीनचा थेंब, वर कव्हरस्लिप. तीही एका कडेनं सुईच्या आधारानं हळूच टेकवायची, नाहीतर बुडबुडे अडकतात. मग लेन्सखाली बघितलं. वर जाड आवरण. त्याखाली रंगहीन पेशींचे थरावर थर, पानानं स्वतःसाठी भरून ठेवलेली पाण्याची टाकी. त्याखाली हिरवा भाग. खालच्या बाजूला केसांची दाट लव, म्हणजे ती चंदेरी छटा. आणि खोलगट जागी बसलेल्या मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी.

बाबांनी माझी स्लाइड काढून १९९४ ची लावली. मग पुन्हा माझी. पुन्हा त्यांची. तीच टाकी, तीच लव, त्याच ग्रंथी. तीस वर्षांहून जास्त काळात पानात काहीच बदललं नव्हतं. फक्त पहिल्या पानाचं झाड जिथे होतं तिथे आता गाड्या उभ्या असतात.

मला तेव्हा लेबलाचा अर्थ लागला. नाव, भाग, जागा, तारीख. बाबा म्हणतात, "जागा आणि तारीख लिहिली नाहीस, तर ती स्लाइड नाही, नुसती काच आहे." त्या बांधापलीकडच्या तिवरांचा फोटो आमच्याकडे नाही. कुणाकडे असेल असंही वाटत नाही. आमच्यापुरता त्या जागेचा पुरावा म्हणजे नखाएवढा काप आणि त्यावरची दीड ओळ. आणि तोही भंगारातून वाचलेला.

आम्ही दोन काप कायमचे करायचे ठरवले. त्यासाठी ते कमी तीव्रतेच्या अल्कोहोलपासून पूर्ण अल्कोहोलपर्यंत पायरी-पायरीनं न्यावे लागतात, म्हणजे पाणी निघून जातं. मग झायलीन. पण आईचा नियम आहे, घरात झायलीनचा वास नको. म्हणून लवंगेचं तेल. वेळ जास्त लागतो, पण अख्ख्या घराला दाताच्या डॉक्टरांकडचा वास येतो. शेवटी बाल्सम. सहापैकी चार काप वाटेत फाटले. दोन वाचले.

बाबांनी कोरं लेबल आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं. 'तिवर. पान, आडवा छेद. ठाणे खाडी, चेंदणी.' खाली तारीख. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं, 'छेद'वरची मात्रा नीट आहे ना ते बघितलं. मग डब्यातल्या तीन-चार स्लाइड्स मागे सरकवून १९९४ च्या शेजारची खाच मोकळी केली.

मक्याचं खोड राहिलंय अजून. येत्या शनिवारी.

करून बघायचंय?

मायक्रोस्कोप: विद्यार्थ्यांसाठीचा साधा, दहा आणि चाळीस पटींच्या लेन्सचा पुरे. आपल्याकडचे बरेचसे हरियाणातल्या अंबाल्याहून येतात. आधी स्वस्तात चव बघायची असेल तर फोल्डस्कोप. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला घडीचा कागदी मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दाखवतो.

पहिला नमुना: अळूचा देठ किंवा कमळाचा देठ. मऊ असतात, चुका माफ करतात. लाकडासारख्या कडक फांद्या नंतर.

ब्लेड: दर वेळी नवं. बोथट ब्लेड काप फाडतं आणि बोटही. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून टाका, कचरा उचलणाऱ्यांचा विचार करा.

रंग: सॅफ्रॅनिन अगदी पातळ, एक-दोन मिनिटं. कपड्यांवरचा डाग जात नाही. आईला आधी सांगा.

पान कुठून: कुंडीतलं, भाजीतलं, गळून पडलेलं. तिवरं, अभयारण्य आणि सार्वजनिक बागांत तोडातोड नको.

आणि लेबल. जागा आणि तारखेसह. आजच.